अर्धी लिंक

मॅडमनी खेळाच्या सरांकडून एक स्टॉपवॉच मागून आणलं होतं, ते त्यांनी कधी परत केलंच नाही. शंभर मीटर पळणाऱ्या पोरांसाठीचं ते घड्याळ आमच्या कंप्युटर लॅबमध्ये मॅडमच्या गळ्यात लटकलेलं असायचं. खेळाचे सर महिन्यातून एकदा दारात येऊन उभे राहायचे. मॅडम त्यांच्याकडे न बघताच म्हणायच्या, "तुमची पोरं वर्षातून एकदा पळतात, सर. आमची मशीन रोज पळतात."

हिंगोलीच्या त्या कॉलेजात मी तासिका तत्त्वावर कंप्युटर शिकवत होतो. दोन हजार सालानंतरची ती तीन-चार वर्षं. माझं घर वारंगा फाट्याचं, वडिलांचं तिथं टायरचं दुकान. मी हिंगोलीत खोली घेऊन राहायचो. मॅडम मूळच्या फिजिक्सच्या. लॅब त्यांच्याकडे आली ती दुसरं कुणी घ्यायला तयार नव्हतं म्हणून. पन्नाशीला आलेल्या, बुटक्या, चालताना कायम थोड्या पुढे झुकलेल्या. पदराला एक मोठी सेफ्टी पिन आणि त्या पिनेला लॅबच्या किल्ल्या. लग्न केलेलं नव्हतं. गाव कुरुंदा. वडील हळदीच्या दिवसांत हळद शिजवायच्या कढईवर मजुरीला जायचे, एवढंच त्यांनी मला घरच्याबद्दल सांगितलेलं. वर्गात त्यांची भाषा पुस्तकातली असायची. लॅबचं दार ओलांडून चप्पल काढली की कुरुंद्याची.

लॅब म्हणजे दहा जुनी मशीन, कुठल्या तरी ऑफिसातून काढून टाकलेली. त्यातल्या त्यात एक बरं होतं, त्याला आम्ही सर्व्हर केलं होतं. इंटरनेट फोनच्या लाइनीवरून, तेही दुपारच्या दोन तासांत. पोरं आपापले ईमेल टर्मिनलमध्ये वाचायची. टर्मिनल म्हणजे एक काळी खिडकी. तिच्यात नुसती अक्षरं. चित्र नाही, बटण नाही. आपण एक ओळ लिहायची, मशीन खाली उत्तर लिहितं. पोरांना ती कंटाळवाणी वाटायची. मॅडमना मात्र ती खिडकी फार प्रिय होती. "हिच्यात लपवायला जागा न्हाई," म्हणायच्या.

"मॅडम, चालत नाही" असं कुणी म्हणालं तर त्या उठायच्याच नाहीत. "काय केलं, काय झालं आन काय व्हायला पायजे होतं. तीन गोष्टी सांग, मंग येते." पोरगं चाचरत सांगू लागलं की त्या जाऊन त्याच्या मागे उभ्या राहायच्या आणि पडद्यावरची ओळ त्याला मोठ्यानं वाचायला लावायच्या. पोरगं अर्ध्यात थांबलं की, "पुरं वाच." एकदा खुद्द प्राचार्य आले. त्यांचा ईमेल उघडत नव्हता. मॅडमनी त्यांनाही तेच सांगितलं. प्राचार्यांनी सगळ्या पोरांसमोर ती इंग्रजी ओळ शेवटपर्यंत वाचली आणि शेवटच्या शब्दाला त्यांच्या लक्षात आलं की आपण पासवर्डच चुकीचा टाकतोय. ते तडक निघून गेले. नंतर वर्षभर लॅबसाठी मागितलेली एकही वस्तू मंजूर झाली नाही. मॅडमना त्याचं काही वाटलं असं दिसलं नाही.

पोरांची खरी अडचण वेगळी होती. ईमेलमध्ये एखाद्या वेबसाइटचा पत्ता आला की तो वहीत उतरवायचा आणि मग ब्राउझरमध्ये एकेक अक्षर टाइप करायचा. एक अक्षर चुकलं की सगळं मुसळ केरात. इंटरनेटचे दोन तास त्यातच जायचे. मी मॅडमना म्हणालो, "आता नवीन टर्मिनल आलीत. पत्ता दिसला की त्याच्याखाली आपोआप रेघ ओढतात. माउसनं दाबलं की पान उघडतं."

"त्याला कसं कळतं पत्ता कुठला आन साधा मजकूर कुठला?"

"प्रत्येक ओळ तपासतं ते."

"प्रत्येक?" त्यांनी स्टॉपवॉच हातात घेतलं.

दुसऱ्या दिवशी लोडशेडिंगमुळे लाइट नव्हती. असल्या वेळी बाकीचे तास सुटायचे, मॅडमचा सुटायचा नाही. त्यांनी पोरांना व्हरांड्यात रांगेनं उभं केलं, प्रत्येकाच्या हातात कागदावर एक अक्षर. मधेच कुठंतरी एक पत्ता लपवलेला. मला म्हणाल्या, "सर, तुमी टर्मिनल. पहिल्या पोरापासून निघा. प्रत्येकाला विचारा, पत्ता तुझ्यापासून सुरू होतो का. तो व्हय म्हणला तर पुढच्याला विचारा. मधेच तुटलं तर मागं या आन त्याच्या शेजारच्यापासून परत सुरू करा." मी चालत राहिलो. पुढे जायचो, मागे यायचो. पोरं हसत होती. पाचव्या फेरीला मी भिंतीला टेकलो.

"दमलात?" मॅडम म्हणाल्या. "मशीन बी दमतं. फक्त बोलून दाखवत न्हाई."

तरी पोरांचा त्रास त्यांना दिसत होता. मी दोन प्रोग्राम आणले. दोन्ही फुकट मिळणारे, ज्यांचा आतला मजकूर कुणीही वाचावा, बदलावा असे. मॅडमनी परीक्षेच्या निकालाची एक लांबलचक फाइल घेतली आणि दोन्ही खिडक्यांतून सरसर वर सरकवून वेळ मोजला. एक प्रोग्राम आमच्या मशीनवर रांगत होता. त्यात फाइल संपेपर्यंत मॅडमचा चहा पिऊन झाला. दुसरा झटक्यात संपला. त्यांनी पाच वेळा मोजलं, वहीत लिहिलं आणि म्हणाल्या, "हा दुसरा बसवा."

मी दहाही मशीनवर तो बसवला. पोरं खूश झाली. निळी रेघ, एक क्लिक, पान हजर.

पुसेगावची एक मुलगी तेव्हा शेवटच्या वर्षाला होती. घरची थोडी शेती, आई-वडील दोघंही रानात राबणारे. मुलगी कमी बोलणारी, पण फिजिक्समध्ये अशी की मॅडम तिच्या उत्तरपत्रिकेवर खुणा न करता नुसता आकडा लिहायच्या. बाहेरगावच्या एका मोठ्या संस्थेची पुढच्या शिक्षणासाठीची लेखी परीक्षा ती पास झाली होती. आमच्या कॉलेजातून तिथवर आधी कुणी गेलेलं नव्हतं. पुढे मुलाखत. तिला ईमेल आला: खालच्या पत्त्यावर जाऊन आपण येणार असल्याचं शुक्रवारपर्यंत कळवावं.

त्या दिवशी मी लॅबमध्येच होतो. तिनं क्लिक केलं, पान उघडलं, तिनं ते वाचलं. मग माउस जागेवर ठेवला, वही पिशवीत टाकली आणि गेली. मी विचारलंही नाही. मला वाटलं, काम झालं असेल.

तीन आठवड्यांनी मॅडमनी तिच्या मैत्रिणीला विचारलं, "मुलाखत कधी हाय तिची?"

"ती जाऊन नाही राहिली मॅडम. अर्ज घेणं बंद झालं होतं म्हणे. तिला उशीर झाला."

मॅडमनी मुलीला निरोप पाठवून बोलावून घेतलं. ती आली, तिनं तो ईमेल उघडून दाखवला. मॅडम तारखा बघत राहिल्या. ईमेल सोमवारचा, तिनं वाचला बुधवारी, मुदत शुक्रवारची.

"उशीर कुठं झाला?"

"पानावर तसं लिहिलेलं होतं मॅडम. मुदत संपली म्हणून."

मॅडमनी टेबलावरची फूटपट्टी घेतली. त्या कागदावरचं वाचताना नेहमी ओळीखाली पट्टी धरायच्या; त्या दिवशी ती पडद्याला लावली. पत्ता लांब होता. खिडकीच्या उजव्या कडेला ओळ संपली आणि पत्त्याची शेवटची काही अक्षरं खालच्या ओळीत गेली. निळी रेघ मात्र वरच्या ओळीच्या कडेलाच थांबली होती. खालची अक्षरं साध्या मजकुरासारखी पडून होती. तिनं निळ्या रेघेवर क्लिक केलं होतं, कुणीही तेच केलं असतं. तो अर्धा पत्ता आदल्या वर्षीच्या सूचनेचा निघाला, आणि आदल्या वर्षीची मुदत तर कधीच संपलेली होती.

मी नको तितक्या घाईनं म्हणालो, "हा प्रोग्राम प्रत्येक ओळ सुटी बघतो. दुसरा ओळी जोडून बघायचा. म्हणून तर तो हळू होता."

मॅडम बराच वेळ पट्टी तशीच धरून उभ्या होत्या. मग मुलीला म्हणाल्या, "तू बराबर केलं माय. चूक आमची हाय." आणि मला म्हणाल्या, "दोन्हीतला हा मी निवडला. मी घड्याळ बघितलं, ओळीचा शेवट बघितला न्हाई."

खरं सांगायचं तर मला त्या क्षणी हायसं वाटलं, की निवड माझी नव्हती. तसं वाटलं याची लाज मला अजून आहे.

मॅडमनी संस्थेला फोन केला, पत्र लिहिलं, प्राचार्यांची सही घेतली. सही मागताना त्या त्यांच्या टेबलापुढे उभ्या राहिल्या. बसा म्हटल्यावरही बसल्या नाहीत. संस्थेकडून सभ्य उत्तर आलं. मुलाखती संपल्या होत्या, जागा भरल्या होत्या, पुढच्या वर्षी परत परीक्षा द्यावी.

त्या शनिवारी आम्ही दोघं एसटीनं पुसेगावला गेलो. मुलीचे वडील सोयाबीनमधून हात पुसत आले. आईनं चहा टाकला. मॅडमनी चहा हातात घेण्याआधीच सगळं सांगितलं; मशीन, रेघ, अर्धा पत्ता. वडिलांना मशीनचं किती समजलं माहीत नाही, पण चूक कबूल करायला एवढ्या लांब कुणी आलंय हे समजलं.

"मंग आता होईल का काही?" त्यांनी विचारलं.

"न्हाई. यंदा होणार न्हाई," मॅडम म्हणाल्या. "मी तुमाला खोटं सांगायला आले न्हाई."

मुलगी दाराच्या चौकटीशी उभी होती. ती म्हणाली, "मला वाटलं मीच कुठंतरी चुकले. महिनाभर मी तेच शोधून राहिले होते." तिचा आवाज साधाच होता. मॅडमनी मान खाली घातली. त्यांनी मान खाली घातलेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

त्यानंतर मॅडम दर रविवारी पुसेगावला जाऊ लागल्या. मुलीला पुढच्या परीक्षेसाठी शिकवायचं. आणि इकडे लॅबमध्ये त्यांनी तो प्रोग्राम उलगडायला घेतला.

मी म्हणालो, "सोपं आहे मॅडम, दुसरा बसवू. हळू तर हळू."

"दहा मशीनवर हळू बसवलं तर दोन तासांत निम्म्या पोरांचे ईमेल राहतील. मंग त्यांच्या मुदती जातील. एकीचं भरायला दहा जणांचं सांडायचं का?"

त्यांनी प्रोग्रामचा आतला मजकूर कागदावर छापून घेतला. बाजूला भोकं असलेला तो लांब कागद लॅबभर पसरला. पंचविसेक वर्षांपूर्वी स्वतः कॉलेजात शिकत असताना जे काही प्रोग्रामिंग शिकल्या होत्या तेवढ्यावर, पट्टी धरून, एकेक ओळ वाचत गेल्या. पहिली दुरुस्ती केली ती अशी की, नवी ओळ आली की वरच्या ओळीशी जोडून बघायचं. पत्ते बरोबर सापडू लागले, पण निकालाची फाइल रडत वर सरकायला लागली. दुसरी दुरुस्ती केली: काहीच तपासायचं नाही, माउस जिथं थांबेल तिथंच बघायचं. वेग परत आला, पण रेघ आधी दिसेना, आणि पोरांना कळेना की इथं काही दाबण्यासारखं आहे. पोरं पुन्हा वह्यांत पत्ते उतरवू लागली. मॅडमनी तेही वहीत लिहिलं.

शेवटी त्यांनी मधला मार्ग काढला. अक्षरं सरसर वर जात असताना बघायचंच नाही. खिडकी शांत झाली की, डोळ्यांसमोर आहे तेवढ्यातच शोधायचं, आणि पत्ता कडेला टेकलेला दिसला तरच खालची ओळ जोडायची. "माणूस बी असंच वाचतो," त्या म्हणाल्या. "पळत्या गाडीवरचं कुणी वाचत न्हाई. गाडी थांबली की वाचतो."

एक प्रश्न उरला. एखादी फाइल अशी असते की सगळी मिळून एकच ओळ, कुठं तुटतच नाही. जोडत गेलं तर मशीन गोठून बसतं. म्हणजे कुठंतरी थांबायलाच हवं. मी म्हणालो, "चार-पाच ओळी जोडून थांबवा. तिथवर जेवढा सापडेल तेवढ्याला रेघ."

त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे परत अर्धा."

"फार क्वचित होईल मॅडम."

"क्वचित म्हणजे कोण, ते माहीत हाय आपल्याला." त्यांनी काच पदरानं पुसली. "शेवट सापडला न्हाई तर रेघच ओढायची न्हाई. रेघ न्हाई दिसली तर पोरगी वहीत उतरवून घेईल, कुणाला तरी विचारेल. अर्ध्या रेघेवर ती विश्वास ठेवते."

हा प्रोग्राम सांभाळणारा माणूस परदेशात कुठंतरी राहायचा. मॅडमनी त्याला दुरुस्ती पाठवली, वर 'रिस्पेक्टेड सर' लिहून. त्याचं उत्तर चार दिवसांनी आलं. रेघच न ओढणं त्याला पटलं नव्हतं, आणि वेगासाठी एवढा आटापिटा कशाला, माझ्या मशीनवर तर काही फरक दिसत नाही, असं त्यानं लिहिलं होतं. मॅडमनी वहीतले सगळे आकडे टाइप केले आणि खाली लिहिलं: तुमच्या मशीनवर दिसत नाही ते आमच्या मशीनवर दिसतं, आणि आमच्यासारखी मशीन जास्त आहेत. मग मुलीची हकीकत लिहिली, नाव न घेता, सहा ओळींत. त्या सहा ओळी त्यांनी मला वाचायला दिल्या. मी एकही शब्द बदलला नाही.

पुढे दोन आठवडे काही आलं नाही. मग एक दिवस आलं. त्यानं दुरुस्ती जशीच्या तशी घेतली होती. त्याच्या पद्धतीप्रमाणे नव्या आवृत्तीबरोबर एक यादी निघायची: चूक कुणी दाखवली, दुरुस्त कुणी केली. दोन्ही नावं कळवा, असं त्यानं लिहिलं होतं.

रविवारी मॅडमनी मुलीला विचारलं. सोमवारी लॅबमध्ये येऊन मला सांगितलं, "ती न्हाई म्हणली. म्हणली, मी कुठं काय दाखवलं, मी तर गप घरी गेले. माझं वर्ष गेलं, तिथं नाव लिहून काय होणार?"

"मग?"

"बराबर बोलली ती." आणि त्यांनी त्या माणसाला लिहिलं की, कुणाचंच नाव टाकू नये. त्यांचं स्वतःचंही नाही. मी दोनदा समजावून पाहिलं. "तिचं न्हाई आन माझं हाय, अशी यादी मला नको," एवढंच म्हणाल्या.

मुलीनं पुढच्या वर्षी परत परीक्षा दिली. लेखी पास झाली. मुलाखतीला मॅडम तिच्याबरोबर रेल्वेनं गेल्या, फाटकाबाहेर दिवसभर बसून राहिल्या. निवड झाली नाही. त्या वर्षी पोरं जास्त चांगली होती की आधीच्या वर्षी तिची निवड झाली असती, हे कुणीच सांगू शकत नाही. मॅडम मात्र ते रोज स्वतःला विचारत असाव्यात. मुलीनं बी.एड. केलं आणि कळमनुरी तालुक्यात एका शाळेत लागली. रविवार थांबले. मॅडमचं बोलणं आणखी कमी झालं. नवीन मशीन आली तेव्हा त्यांनी एक जुनं ठेवून घेतलं आणि प्रत्येक नवा प्रोग्राम आधी त्याच्यावर चालवून, प्रत्येक ओळीचा शेवट पट्टी लावून बघत राहिल्या. पोरं पाठीमागे हसायची. मी एकदा हसणाऱ्यांना बाहेर काढलं.

मी नंतर पुण्याला नोकरीला गेलो. दोनेक वर्षांनी मॅडम आजारी पडल्याचं कळलं, मी भेटायला जायचं ठरवेपर्यंत त्या गेल्या होत्या. पुण्यानुमोदनाला कुरुंद्याला गेलो. बुद्धवंदना झाली, लोक जेवायला बसले. पुसेगावची ती मुलगी आली होती. आता तिच्या अंगावर शाळेतल्या बाईंची शांतता होती. जेवण झाल्यावर ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"सर, ते आता बराबर उघडतं का? पत्ता दोन ओळींत असला तर?"

"उघडतं. तो प्रोग्राम वापरणाऱ्या सगळ्यांकडे."

"आन पुरा सापडला नाही तर?"

"तर रेघच येत नाही."

ती जरा वेळ मंडपाकडे बघत राहिली. "त्या यादीत मॅडमचं नाव नाही म्हणे."

"तुझं नव्हतं, म्हणून त्यांनी टाकू दिलं नाही."

हे तिला माहीत नव्हतं. मॅडमनी तिला कधी सांगितलंच नव्हतं. निघताना ती म्हणाली, "आता टाकता येतात का नावं? दोन्ही?"

पुण्याला परतल्यावर मी त्या परदेशातल्या माणसाला लिहिलं. त्याला ते प्रकरण आठवत होतं. मॅडम गेल्याचं वाचून त्यानं दुःख कळवलं आणि विचारलं: या दोन नावांपैकी चूक कुणाला सापडली आणि दुरुस्त कुणी केली, ते नीट सांगा, म्हणजे तसं लिहितो. मी मुलीला शाळेत फोन लावला. मधल्या सुट्टीचा गलका ऐकू येत होता. मी प्रश्न सांगितला. गलका हळूहळू कमी झाला, ती व्हरांड्याच्या टोकाला गेली असावी.

मग म्हणाली, "चूक मला सापडली. दुरुस्त मॅडमनी केली. असंच लिहा, सर."

तसंच लिहिलं.